फोन तिथे, बोट इथे: स्मार्टफोनचा कॅमेरा दुरून चालवण्याच्या पद्धती

स्मार्टफोनचा कॅमेरा दुरून चालवण्यासाठी बाजारात ज्या स्वस्त वस्तू मिळतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच आहे. कॅमेरा उघडा असताना फोनच्या कडेचे व्हॉल्यूम वाढवण्याचे बटण दाबले, तर फोटो निघतो. हातात मावणारा ब्लूटूथ क्लिकर, तारेचा इअरफोन, वायर असलेली सेल्फी स्टिक, इतकेच काय, संगणकावरून पाठवलेली आज्ञासुद्धा फोनला इतकेच सांगत असते की ‘व्हॉल्यूमचे बटण दाबले गेले आहे’. हे एकदा ध्यानात आले, की कोणती वस्तू चालेल आणि चालत नसेल तर का चालत नाही, हे कोणालाही न विचारता ओळखता येते. याखेरीज दोन प्रकार उरतात. एका प्रकारात फोन तुमचा तळहात पाहतो किंवा तुमचा आवाज ऐकतो. दुसऱ्यात फोनचा पडदा घड्याळावर, दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर दिसतो.

पद्धत निवडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: फोटो काढताना चौकटीत काय दिसते आहे, हे मला पाहायचे आहे का? अंगणात घरची मंडळी उभी करून स्वतःही त्यांत जाऊन उभे राहायचे असेल, तर पाहण्याची गरज नसते. चौकट आधीच ठरवता येते. पक्ष्याच्या घरट्यासारखा हलता विषय असेल, तर पाहिल्याशिवाय भागत नाही. पहिल्या कामाला क्लिकर पुरतो, दुसऱ्याला पडदा लागतो.

आधी फोनची बैठक

रिमोट कितीही चांगला असला, तरी फोन डगमगत असेल तर उपयोग नाही. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो आणि फोन पकडणारा चिमटा त्यावर बसतो, एवढे पाहून कोणताही साधा ट्रायपॉड घ्यावा. ट्रायपॉड नसेल तर जाड कापडाच्या लहान पिशवीत अर्धा किलो मूग भरून तिचे तोंड शिवून टाकावे. ती खिडकीच्या कठड्यावर ठेवून फोनची खालची कड तिच्यात दाबून बसवली, की दाणे सरकून फोनच्या आकाराचा खळगा तयार होतो आणि फोन हव्या त्या कोनात कललेला राहतो. पिशवी गच्च भरू नये; एक तृतीयांश रिकामी असली तरच दाणे सरकतात.

स्थिर बैठकीचा फायदा रात्री अधिक जाणवतो. फोन पूर्ण स्थिर आहे असे लक्षात आल्यावर आयफोनचा नाइट मोड 30 सेकंदांपर्यंत प्रकाश गोळा करू शकतो, आणि गूगलच्या पिक्सेल फोनमधला ताऱ्यांच्या छायाचित्रणाचा मोड 4 मिनिटांपर्यंत जातो. अशा वेळी पडद्यावर बोट टेकवल्याने बसणारा सूक्ष्म धक्काही चित्र बिघडवतो, म्हणून एकटे असतानासुद्धा रिमोट किंवा टायमर वापरणे शहाणपणाचे ठरते.

फोन बसवल्यावर चार गोष्टी कराव्यात. जिथे माणसे उभी राहणार आहेत, तिथे कोणाला तरी उभे करून पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरावे. आयफोनवर पिवळ्या अक्षरांत ‘एई/एएफ लॉक’ असे दिसते, बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर कुलपाचे चिन्ह येते. यामुळे फोकस आणि उजेडाचे प्रमाण त्या अंतरावर बांधले जाते आणि नेमक्या क्षणी कॅमेरा मागच्या तुळशी वृंदावनावर फोकस करत नाही. दुसरे काम म्हणजे पडदा विझण्याची मुदत वाढवणे, कारण पडदा विझला की क्लिकर दाबून फोटो निघत नाही. अँड्रॉइडवर डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन टाइमआउट’ आणि आयफोनवर ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’मध्ये ‘ऑटो-लॉक’ या नावाने ही सोय असते. तिसरे, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करावे. चौथे, भिंग स्वच्छ रुमालाने पुसावे. दुरून काम करताना भिंगावरचा बोटाचा ठसा फोटो घरी येऊन पाहीपर्यंत लक्षात येत नाही.

टायमर

टायमर प्रत्येक फोनमध्ये असतो, त्यामुळे त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आयफोनवर 3 आणि 10 सेकंद, नव्या आवृत्त्यांत 5 सेकंदही, तर सॅमसंगवर 2, 5 आणि 10 सेकंद असे पर्याय मिळतात. केवळ धक्का टाळायचा असेल तर सर्वांत लहान टायमर पुरेसा आहे. धावत जाऊन उभे राहायचे असेल तर 10 सेकंद ठेवावेत.

टायमरमध्ये खरी अडचण जागेची असते. 1839 साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस याने स्वतःचे छायाचित्र घेतले, त्यात तो चौकटीच्या मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला दिसतो. चौकट न पाहता आत जाणाऱ्या माणसाचे आजही तेच होते. त्यामुळे तुमच्या जागेवर आधी खडूने खूण करावी किंवा चप्पल ठेवावी, आणि तुमच्याच उंचीच्या कोणाला तिथे उभे करून डोक्यावर किती मोकळी जागा राहते ते पाहून घ्यावे.

ब्लूटूथ क्लिकर

रोजच्या वापरासाठी मी क्लिकरच सुचवतो. तो स्वस्त आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकतो आणि त्याला कोणतेही ॲप लागत नाही. उलट, क्लिकरच्या खोक्यावर छापलेले ॲप डाउनलोड करण्याच्या फंदात पडू नये, कारण फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर तो तसाच चालतो.

जोडण्याची रीत अशी: क्लिकरच्या कडेचा स्विच सरकवला की निळा दिवा लुकलुकू लागतो. फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये नवी उपकरणे शोधायला लावली, की यादीत त्याचे नाव दिसते. अनेक स्वस्त क्लिकरांचे नाव ‘एबी शटर 3’ असे असते. त्या नावाला स्पर्श करावा, जोडणीची परवानगी मागितली तर द्यावी, आणि दिवा लुकलुकायचा थांबला की कॅमेरा उघडून बटण दाबावे. या प्रकारात सहसा दोन बटणे असतात. मोठे बटण व्हॉल्यूम वाढवण्याचा संकेत पाठवते, आणि लहान बटण जुन्या अँड्रॉइड फोनांसाठी कीबोर्डावरच्या एंटरचा. एकाने काम झाले नाही तर दुसरे दाबून पाहावे.

आता माझीच फजिती सांगतो. गणपतीत वाड्याच्या अंगणात अठरा माणसे तीन ओळींत बसवली, सर्वांना ‘हलू नका’ म्हटले आणि क्लिकर दाबला. फोटो काही निघाला नाही, पण पुन्हा पुन्हा दाबत गेल्यावर पडद्याजवळ बसलेली पुतणी ओरडली, ‘काका, नुसते आजोबाच दिसायला लागलेत!’ माझ्या फोनमध्ये व्हॉल्यूमच्या बटणाला झूमचे काम नेमून दिलेले होते आणि मी प्रत्येक दाबासरशी मधल्या ओळीतल्या आजोबांच्या नाकाजवळ पोहोचत होतो. क्लिकर बिचारा आपले काम चोख करत होता. म्हणून क्लिकर घेतल्यावर पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जावे. सॅमसंगवर ‘शूटिंग मेथड्स’मध्ये व्हॉल्यूमच्या बटणांचे काम ठरवता येते, तिथे फोटो काढणे निवडावे. इतर अँड्रॉइड फोनांवर ‘व्हॉल्यूम की फंक्शन’ किंवा अशाच नावाने ती नोंद सापडते. आयफोनवर झूमचा हा प्रश्न येत नाही, मात्र बटण दाबून धरले तर व्हिडिओ सुरू होतो. तिथे ‘यूज व्हॉल्यूम अप फॉर बर्स्ट’ चालू केल्यास दाबून धरल्यावर व्हिडिओऐवजी एकापाठोपाठ एक फोटो निघतात, आणि लहान मुले समोर असतील तेव्हा ते फार सोयीचे पडते.

आणखी काही खोड्या आहेत. क्लिकर स्वतःला कीबोर्ड म्हणून जोडतो, त्यामुळे तो चालू असताना व्हॉट्सॲपवर लिहायला गेल्यास पडद्यावरचा कीबोर्ड कधी कधी उमटतच नाही. फोन बिघडला असे समजू नये, क्लिकर बंद करावा. काही मिनिटे वापर झाला नाही तर तो झोपी जातो, आणि त्यानंतरच्या पहिल्या दाबाने फक्त जागा होतो. म्हणून ‘एक, दोन, तीन’ म्हणण्याआधी एक दाब वाया घालवावा. तो पूर्वी दुसऱ्या फोनशी जोडलेला असेल आणि तो फोन जवळपास असेल, तर तिकडेच चिकटतो. अशा वेळी त्या फोनचे ब्लूटूथ बंद करावे लागते. साधारण दहा मीटरांचा पल्ला मोकळ्या जागेतला समजावा. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरी पाणी शोषून घेते आणि माणसाच्या शरीरात पाण्याचाच भाग मोठा असतो, त्यामुळे क्लिकर पाठीमागे लपवून मुठीत धरला तर पाच मीटरांवरही तो दगा देतो. तो मांडीजवळ, फोनच्या बाजूला तोंड करून धरावा. फोटोत दिसत नाही आणि मधे शरीरही येत नाही.

आत बहुधा सीआर 2032 ही 3 व्होल्टची चपटी बॅटरी असते. ती लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकते, म्हणून बॅटरीचे झाकण सैल झालेला क्लिकर घरात ठेवू नये.

इअरफोन आणि माउस

क्लिकर नसेल तर तारेचा इअरफोन कपाटातून काढावा. त्याच्या तारेवरचे व्हॉल्यूम वाढवण्याचे बटण कॅमेऱ्यातही फोटो काढते. यामागची रचना मोठी सुटसुटीत आहे: अँड्रॉइडसाठीच्या इअरफोनांत बटण दाबले की माइकच्या तारेला ठरावीक रोध जोडला जातो. व्हॉल्यूम वाढवण्यासाठी तो 240 ओहम आणि कमी करण्यासाठी 470 ओहम असतो, आणि फोन त्यावरून कोणते बटण दाबले ते ओळखतो. इथे बॅटरी लागत नाही, जोडणी करावी लागत नाही आणि विलंबही जाणवत नाही. उणीव फक्त तारेच्या लांबीची आहे. तरीही पानाफुलांचे अगदी जवळून फोटो घेताना, जिथे तुम्ही फोनच्या शेजारीच बसलेले असता, तिथे मला यापेक्षा चांगले साधन सापडलेले नाही.

बिनतारी इअरफोनाचे मात्र तसे नाही. त्यावरून आवाज वाढवला तर बरेचदा बटणाचा संकेत जात नाही. आवाजाची नवी पातळी किती, एवढाच आकडा फोनला कळवला जातो, आणि कॅमेरा त्याची दखल घेत नाही. ॲपलने 2025 साली आयओएस 26 मध्ये याला एक वेगळी वाट काढून दिली. एअरपॉड्स 4 आणि एअरपॉड्स प्रो 2 यांची दांडी दाबून आयफोनचा फोटो काढता येतो किंवा व्हिडिओ सुरू-बंद करता येतो, पण ती सोय आधी एअरपॉड्सच्या सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते.

ज्यांच्याकडे संगणकाचा ब्लूटूथ माउस आहे, त्यांनी एक गंमत करून पाहावी. माउस फोनशी जोडला की पडद्यावर बाण दिसतो. तो बाण शटरच्या गोलावर नेऊन ठेवावा, माउस अलगद उचलून हातात घ्यावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डावे बटण दाबावे. खालचा दिवा टेबलापासून दूर गेला की बाण सहसा जागचा हलत नाही. खात्रीसाठी त्या दिव्यावर कागदाची पट्टी चिकटवावी. अँड्रॉइडवर हे थेट चालते. आयफोनवर ‘ॲक्सेसिबिलिटी’तील ‘टच’ आणि त्यातील ‘असिस्टिव्ह टच’ चालू करावे लागते. व्हॉल्यूमचे बटण ज्या ॲपमध्ये शटरचे काम करत नाही, तिथेही माउस चालतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

तळहात, शब्द आणि टाळी

सॅमसंगच्या ‘शूटिंग मेथड्स’मध्येच तळहात दाखवून फोटो काढण्याची सोय आहे, आणि इतर अनेक कंपन्यांच्या फोनांतही ती वेगवेगळ्या नावांनी मिळते. तळवा पूर्ण उघडून कॅमेऱ्याकडे सरळ धरावा आणि फोनने तो ओळखल्याची खूण दिसली की हात खाली घ्यावा. दीड-दोन मीटरांपलीकडे किंवा संध्याकाळच्या उजेडात मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. मोठ्या गटात कोणीतरी उत्साहाने हात हलवतो आणि नको तेव्हा मोजणी सुरू होते, हीही अडचण आहे.

आवाजाच्या आज्ञा त्या मानाने बऱ्या. सॅमसंगमध्ये ही सोय चालू केल्यावर ‘स्माइल’, ‘चीज’, ‘कॅप्चर’ किंवा ‘शूट’ म्हटले की फोटो निघतो आणि ‘रेकॉर्ड व्हिडिओ’ म्हटले की चित्रण सुरू होते. शब्द बोलताना तोंड उघडे राहते, म्हणून जो फोटोत नाही किंवा कडेला उभा आहे त्याने बोलावे. आयफोनवर सिरीला, म्हणजे बोलून आज्ञा घेणाऱ्या मदतनीसाला, फोटो काढायला सांगितले तर ती नुसता कॅमेरा उघडून देते. त्यावर उपाय म्हणजे ‘शॉर्टकट्स’ ॲपमध्ये नवा शॉर्टकट करून त्यात ‘टेक फोटो’ ही क्रिया घालावी, तिच्यातील ‘शो कॅमेरा प्रिव्ह्यू’ बंद करावे, त्यानंतर फोटो अल्बममध्ये साठवण्याची क्रिया जोडावी आणि शॉर्टकटला बोलायला सोपे नाव द्यावे. मग सिरीला ते नाव सांगितले की पुढचे आपोआप होते.

अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ नावाचे मोफत आणि मुक्त-स्रोत ॲप आहे. त्यात मोठा आवाज झाला की फोटो काढण्याचा पर्याय आहे, म्हणजे टाळी किंवा शिट्टी पुरते. ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढत राहण्याची सोयही त्यातच आहे. कळी उमलताना किंवा कणीक फुगताना टिपायची असेल, तर रिमोट शोधण्यापेक्षा हीच वापरावी. शिट्टीचा पर्याय रस्त्यालगतच्या घरात मात्र निरुपयोगी आहे. आमच्या इथे तो प्रत्येक रिक्षाच्या हॉर्नला एक फोटो काढत असे.

मनगट आणि पेन

ॲपल वॉचमधील ‘कॅमेरा रिमोट’ उघडला की आयफोनचा कॅमेरा आपोआप उघडतो आणि घड्याळावर चौकट दिसते. त्या चित्रावर स्पर्श करून फोकस ठरवता येतो आणि कडेची चकती फिरवून झूम करता येते. तीन सेकंदांची मोजणी सुरुवातीला चालू असते आणि ती ठेवावी, कारण मनगटाकडे पाहणारा चेहरा वर करायला तेवढा वेळ लागतोच. सॅमसंगच्या घड्याळात ‘कॅमेरा कंट्रोलर’ हे ॲप सॅमसंगच्या फोनसाठी असेच काम करते.

सॅमसंगच्या काही फोनांसोबत येणाऱ्या एस पेन या लेखणीचे बटण 2018 सालच्या गॅलेक्सी नोट 9 पासून शटर म्हणून चालत आले. एकदा दाबले की फोटो, दोनदा दाबले की पुढचा-मागचा कॅमेरा बदलतो. मात्र 2025 सालच्या एस 25 अल्ट्राच्या पेनमधून ब्लूटूथ काढून टाकले आहे, त्यामुळे केवळ या कामासाठी फोन निवडणाऱ्याने जुनी मॉडेलेच पाहावीत.

चौकट दुसऱ्या पडद्यावर

आमच्या गॅलरीतल्या टांगलेल्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटे केले, तेव्हा क्लिकर कुचकामी ठरला, कारण नर-मादी कधी येतात हे दाराआडून दिसत नव्हते. तिथे फोनचा पडदा लॅपटॉपवर आणावा लागला. त्यासाठी एससीआरसीपीवाय हा मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्राम वापरतात; बोलताना लोक त्याला ‘स्क्रीन कॉपी’ म्हणतात. तो गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावरील मूळ पानावरूनच घ्यावा, कारण त्याच्या नावाने इतरत्र बनावट पाने आहेत.

आधी फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा स्पर्श करावा, म्हणजे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’, म्हणजे संगणकाला केबलवरून फोन चालवू देण्याची सोय, चालू करावी. शाओमीच्या फोनांवर त्याखालील ‘सिक्युरिटी सेटिंग्ज’ लिहिलेला दुसरा स्विचही लागतो, नाहीतर पडदा दिसतो पण माउसने काहीच हलत नाही. केबल जोडल्यावर फोनवर परवानगीचा प्रश्न येतो, तो मान्य करावा आणि प्रोग्राम सुरू करावा. लॅपटॉपवर फोनचा जिवंत पडदा दिसू लागतो; त्यातच कॅमेरा उघडावा, झूम करावे आणि शटरवर क्लिक करावे. डाव्या ऑल्टसोबत वरचा बाण दाबला तर व्हॉल्यूम वाढवण्याचे बटण दाबल्यासारखे होते, म्हणजे पुन्हा तीच किल्ली. केबल नको असेल तर अँड्रॉइड 11 आणि त्यापुढील फोनांत ‘वायरलेस डीबगिंग’ आहे. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर ठेवून फोनवर दिसणारा सहा आकडी कोड संगणकावर घातला की जोडणी होते.

घरट्याच्या बाबतीत मी फोन दोन मीटरांवर, पालक पक्षी नसताना लावला, झूम वाढवले, फ्लॅश आणि शटरचा आवाज बंद ठेवला आणि एकही पान बाजूला केले नाही. मादी चोचीत अळी घेऊन आधी कपड्यांच्या दोरीवर बसते, दोन-तीनदा मान वळवते आणि मगच कुंडीत उतरते, हे लॅपटॉपवर पाहिल्यामुळेच समजले. त्यानंतर ती दोरीवर दिसली की बोट ऑल्टवर ठेवायचे, एवढेच काम उरले.

आयफोनसाठी हा मार्ग नाही. मॅकवरच्या ‘आयफोन मिररिंग’मध्ये आयफोनचा कॅमेरा वापरता येत नाही, त्यामुळे तिथे घड्याळ किंवा दोन फोन जोडणारे ॲप हेच पर्याय राहतात. अँड्रॉइडवर जुना फोन पडून असेल तर ‘आयपी वेबकॅम’ हे ॲप त्याचा कॅमेरा वाय-फायवर आणते. ते सुरू केल्यावर पडद्यावर एक पत्ता दिसतो, शेवटी 8080 असा आकडा असलेला. तोच पत्ता दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की चित्र दिसते आणि तिथूनच फोटो घेता येतो. इंटरनेट लागत नाही, एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो. पण ॲपमध्ये युजरनेम आणि पासवर्ड घातल्याशिवाय ते सुरू करू नये, अन्यथा त्याच वाय-फायवरचा कोणीही तुमची खोली पाहू शकतो.

दुरून चालणारा कॅमेरा म्हणजे समोरच्याला न कळता चालू शकणारा कॅमेरा, त्यामुळे इथे परवानगीचा प्रश्न नुसत्या सौजन्याचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 ई नुसार एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अँड्रॉइड 12 आणि आयओएस 14 पासून कॅमेरा चालू असताना पडद्याच्या वरच्या भागात हिरवा ठिपका दिसतो. आपण कॅमेरा उघडलेला नसताना तो दिसला, तर कोणत्या ॲपने कॅमेरा घेतला आहे ते लगेच पाहावे.

काम संपल्यावर फोन आवरताना ‘यूएसबी डीबगिंग’ आणि ‘वायरलेस डीबगिंग’ बंद करावे. काही बँकांची ॲप ते चालू असताना उघडत नाहीत. वेबकॅमचे ॲप पूर्ण बंद करावे, क्लिकरचा स्विच मागे सरकवावा आणि पडदा विझण्याची मुदत पूर्वीइतकी कमी करावी.